चिंच, लिंबू आणि हवाई दल

चिंच हा पदार्थ परमेश्वरानं आमटीसाठी निर्माण केला, असं माझं प्रामाणिक मत आहे. फार तर पाणीपुरीसाठी. तिनं पितळ उजळतं हा मागाहून लागलेला शोध, आणि तो भांड्यांपुरता राहिला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आपल्या लोकांना एकदा घासायचं म्हटलं की थांबायचं कुठं ते कळत नाही. समई घासून होते, घंघाळं घासून होतं, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पार नाक जाईपर्यंत घासून होतो, आणि चिंचेचा कोळ मात्र वाटीत शिल्लक असतो. मग घासणारी व्यक्ती (हल्ली या कामात पुरुषही असतात, तेवढी सुधारणा झाली आहे) घरभर नजर फिरवते आणि विचारते, "अजून काय आहे हो पितळेचं?"

या एका प्रश्नानं जेवढा इतिहास बुडवला तेवढा परचक्रांनीही बुडवला नसेल.

मी हवाई दलांच्या टोप्यांवरचे जुने बिल्ले जमवतो. आपल्याकडे बिल्ला म्हटलं की लोकांना एक तर एस.टी.चा कंडक्टर आठवतो, नाही तर १९७५ सालच्या 'दीवार'मधला ७८६ नंबर. माझे बिल्ले वेगळे. दीड-दोन इंच उंचीचे, सैनिकाच्या टोपीवर लावायचे. ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्समधल्या साध्या सैनिकाचा बिल्ला पितळी. मध्ये आर-ए-एफ ही तीन अक्षरं, भोवती लॉरेलच्या पानांचं कडं, वर मुकुट. अधिकाऱ्याच्या बिल्ल्याची पानं जरीची, आणि मध्ये पंख पसरलेला सोनेरी पक्षी. हा पक्षी गरुड की अल्बट्रॉस, यावर त्या दलात वर्षानुवर्षं वाद चालला. अधिकृत निर्णय गरुडाच्या बाजूनं झाला आणि तरीही वाद मिटला नाही, हे वाचल्यावर मला ते दल एकदम आमच्या सोसायटीसारखं वाटू लागलं.

माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा डबा उघडल्यावर दोन वाक्यं बोलतो. पहिलं, "याचा उपयोग काय?" हे मी सहन करतो. लग्नाच्या अल्बमचा तरी काय उपयोग असतो? दुसरं वाक्य मात्र मला सहन होत नाही. तो बिल्ला चिमटीत धरतो, उजेडाकडे करतो आणि म्हणतो, "जरा पॉलिश मारा की राव! नव्यासारखे दिसतील!"

अरे गृहस्था, नवे दिसायला हवे असते तर नवेच घेतले नसते का? वाटेल तेवढे मिळतात!

आता हा माणूस नक्की काय बिघडवायला निघाला आहे ते नीट सांगितलं पाहिजे, नाही तर तुम्हीही मनातल्या मनात त्याच्या बाजूचे असाल.

बिल्ला ओळखायचा म्हणजे आधी मुकुट पाहायचा. रॉयल फ्लाइंग कोअर १९१२ साली निघालं, त्यातून आणि आरमाराच्या विमानशाखेतून १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्स झालं. (आपल्या हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची, पण त्याचं पहिलं स्क्वाड्रनही १ एप्रिललाच उभं राहिलं, १९३३ साली. विमानवाल्यांना त्या तारखेची धास्ती नसावी.) तेव्हापासून १९५२ पर्यंत इंग्लंडच्या गादीवर राजेच होते. त्यांच्या बिल्ल्यावरच्या मुकुटाच्या कमानी गोल चढतात आणि गोल उतरतात. पुढे राणी आली आणि १९५३ पासून मुकुट बदलला. हा मधोमध खचलेला. मी नवशिक्याला सांगतो, वळलेला लाडू दिसला की राजा, अंगठा दाबलेला पेढा दिसला की राणी. अर्धी विद्या इथं संपते.

म्हणजे संपत होती. २०२२ साली राणी गेली, नवे राजे आले आणि त्यांनी पुन्हा लाडूच पसंत केला! आता तिकडचे नवे बिल्ले परत गोल मुकुटाचे निघू लागले आहेत. आणखी वीस-तीस वर्षांनी एखाद्याच्या हातात गोल मुकुटाचा बिल्ला पडेल, तेव्हा तो १९४०चा की २०२५चा हे निव्वळ मुकुटावरून पटकन सांगणं कठीण होईल. मग सांगणार कशावरून? धातूवरून, झिजेवरून, त्यावर मुरलेल्या काळसर तपकिरी रंगावरून. नेमकं तेच आमचे पाहुणे लिंबाच्या फोडीनं काढून टाकायला निघालेले आहेत.

आपल्याकडची गोष्ट तर आणखी नाजूक. १९३३ साली कराचीच्या द्रिघ रोडवर आपलं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं तेव्हा सामान होतं चार वापिटी विमानं, आणि माणसं म्हणजे मूठभर अधिकारी नि एकोणीस हवाई सिपाही. 'हवाई सिपाही' हे तेव्हाचं नाव, आणि मला ते फार आवडतं. महायुद्ध संपेपर्यंत नऊ स्क्वाड्रनं झाली, हजारो माणसं आली. मार्च १९४५ मध्ये या दलाला 'रॉयल' ही पदवी मिळाली आणि २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाबरोबर ती गेली. मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. तेव्हा आर-आय-ए-एफ अशी चार अक्षरं असलेला बिल्ला हा पुरत्या पाच वर्षांचाही नव्हे. त्यात मध्येच फाळणी. कालपर्यंत एका बराकीत एकच बिल्ला घासणारे दोघे १९४७ च्या ऑगस्टनंतर दोन देशांचे झाले. तिकडच्या दलानं आपलं 'रॉयल' १९५६ पर्यंत सांभाळलं. एवढा सगळा मजकूर दीड इंच पितळेवर आहे, आणि तुम्ही त्यावर मीठ-लिंबू लावता! काकडी आहे का ती?

आता बनावट मालाकडे येतो, कारण घासू संप्रदायाचा आणि नकली मालवाल्यांचा जुना घरोबा आहे.

अस्सल पितळी बिल्ला पत्र्यावर ठसा दाबून काढलेला असतो. म्हणून उलटा करून पाहिला की पुढचं चित्र मागं खोलगट दिसतं, गौरीचा मुखवटा मागून दिसतो तसं. नकली बिल्ला बहुधा ओतीव. अस्सल बिल्ल्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. पण धातू निवताना आकसतो, त्यामुळं पोरगं बापापेक्षा केसभर लहान निघतं. अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, पानांच्या शिरा बुजलेल्या, अक्षरांमधली मोकळी जागा धातूनं भरलेली, कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. मागे टोपीत अडकवायच्या कड्या किंवा सपाट पट्टी असते, तिच्यावर बर्मिंगहॅमच्या नामांकित कारखान्याचं नाव ठोकलं की काम झालं. नाव वाचून गिऱ्हाईक विरघळतं. मी नाव असलं की जास्त संशयानं बघतो. आणि यांच्याहून वस्ताद प्रकार म्हणजे जुना खरा ठसाच मिळवून त्यावर नव्यानं काढलेला बिल्ला. त्याची रेघ न् रेघ खरी असते, कारण ठसा खरा. फक्त तो कुणाच्या टोपीवर कधी चढलेला नसतो.

अशा बिल्ल्याला पकडायला माझ्याकडे दोनच साक्षीदार आहेत, झीज आणि रंग. अस्सल बिल्ला घासला की साक्षीदार गेले, आणि खरा नि खोटा शेजारी शेजारी एकसारखे चमकत बसले. बाजाराला हेच हवं असतं. एका जुन्या बाजारात एक विक्रेते मला बिल्ला दाखवून म्हणाले, "साहेब, दुसऱ्या महायुद्धाचा आहे. बघा कसा चकाकतोय!" मी म्हटलं, "चकाकतोय म्हणूनच विचारतो, महायुद्ध कधी संपलं?" त्यांनी मुळीच न ओशाळता गल्ल्याखालून दुसरा काढला, डांबरात बुडवल्यासारखा काळाकुट्ट. "मग हा घ्या. हा पहिल्या महायुद्धाचा!" त्यावर चार अक्षरं होती, आर-आय-ए-एफ.

उलट खरी गोष्ट कशी दुर्लक्षिली जाते ते पाहा. माझ्याकडे आर.ए.एफ.चा एक चॉकलेटी रंगाचा प्लास्टिकचा बिल्ला आहे. महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा ब्रिटिशांनी असे प्लास्टिकचे बिल्ले काढले होते. तो पाहून प्रत्येक जण म्हणतो, "हा मात्र डुप्लिकेट हं!" डब्यातला सगळ्यात बोलका बिल्ला तो, कारण त्या वर्षी कारखान्यातलं पितळ कुठं गेलं होतं ते तो सांगतो. पण चकाकत नाही ना!

आता माझ्या विरुद्ध पक्षाचा एक खराखुरा मुद्दा आहे आणि तो मी लपवणार नाही. आमचे एक स्नेही निवृत्त मुख्याध्यापक आहेत. निवृत्त झाले तरी त्यांच्या बोलण्यात फळा आणि खडू असतातच. ते मला म्हणाले, "अहो, पण ते सैनिक स्वतःच रोज घासायचे ना? मग घासलेला बिल्ला हाच खरा बिल्ला. तुम्ही जपता तो मळ. सैनिकानं असा बिल्ला लावला असता तर त्याला शिक्षा झाली असती!"

मुद्दा बिनतोड आहे. सैनिक रोज घासायचे. त्यासाठी त्यांच्याकडे पितळेची एक खाच असलेली पट्टी असे. ती बटणामागं सरकवायची म्हणजे पॉलिशचा डाग कापडाला लागत नाही. सकाळी परेडला कुणाचं पितळ मंद दिसलं की त्याची धडगत नसे. वर्षानुवर्षं अंगठ्याच्या दाबाखाली मुकुटावरचे मणी सपाट होत, पानांच्या शिरा पुसट होत, अक्षरांच्या कडा बोथट होत. काही बिल्ले इतके झिजलेले असतात की अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटालाच जास्त कळतात.

पण मास्तर, ती झीज म्हणजेच त्या माणसाचं हस्ताक्षर! तो उजव्या अंगठ्यानं घासत असेल तर एक बाजू जास्त झिजते. ज्यानं कंटाळा केला त्याच्या पानांच्या खोबणीत पॉलिशची पांढरी खडी तशीच वाळून राहते, ऐंशी वर्षं. त्यानं घासलं ते सकाळी सहाला, थंडीत, शिव्या खाण्याच्या भीतीनं. तुम्ही घासणार ते रविवारी, टीव्हीसमोर, पोहे खाऊन झाल्यावर. शाळेच्या जुन्या दाखल्यावर हेडमास्तरांची सही पुसट झाली म्हणून कुणी ती बॉलपेननं गिरवली तर तुम्हाला चालेल का? मास्तर यावर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सही गिरवायची नसते हे खरं." मुख्याध्यापकाकडून एवढी कबुली म्हणजे पुष्कळ झाली.

शिवाय ज्यांच्यावर घासायची सक्ती होती त्यांनी स्वतः काय केलं? १९५० नंतरच्या काळात ब्रिटिश सैन्यानं ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे बिल्ले आणले. घासायलाच नको असे! म्हणजे सैन्यदेखील घासण्याला कंटाळलं. ज्यांची सुटका झाली ते सुटले, आणि ज्यांच्यावर कधीच सक्ती नव्हती ते आता चिंच भिजत घालून बसले आहेत. (हे ॲल्युमिनियमवालेही काही जण घासतात. मग वरचा सोनेरी थर निघतो आणि खालून जेवणाच्या डब्यासारखं पांढरं ॲल्युमिनियम वर येतं.)

इथपर्यंत मी भांडायच्या आवेशात आहे. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांच्यापुढं माझा आवेश चालत नाही.

आजींचे वडील १९४३ साली हवाई दलात फिटर म्हणून भरती झाले होते. विमानात बसायचे नाहीत, विमानाखाली आडवे व्हायचे. त्यांच्या मागं घरात एक खाकी पिशवी, एक पाना आणि टोपीवरचा एक बिल्ला, चार अक्षरांचा, एवढंच राहिलं. तो बिल्ला आजी वर्षातून एकदा घासत. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, देवाच्या उपकरण्यांबरोबर, चिंचेनं. पन्नास वर्षं. हे मला त्यांनी जिन्यात सांगितलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल ते असो. पण त्यांना "घासू नका" म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि आजही मी ते म्हणणार नाही. आरच्या अक्षराचा पाय झिजला होता म्हणे. त्यातलं किती वडिलांनी झिजवलं आणि किती मुलीनं, हे कोणत्या भिंगातून कळणार? तो बिल्ला त्या दोघांचा होता. ज्याचं नातं त्याचं घासणं. माझं भांडण बिननात्याच्या घासण्याशी आहे.

तर आजींच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी नातू परदेशातून आला. मुलगा चांगला आहे, आजीवर जीव आहे. त्यानं गुपचूप तो बिल्ला एका दुकानात नेला. त्या दुकानानं तो बफिंगच्या चाकावर धरला, पुढून आणि मागूनही, वर सोन्याचं पाणी चढवलं आणि निळ्या मखमलीवर चौकटीत बसवून दिला. कार्यक्रमात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तोपर्यंत मी काही पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला बोलावलं. चौकट टेबलावर होती. म्हणाल्या, "अरे, तू यातला जाणकार. छान केलंय रे त्यानं, पण हे बाबांचं वाटत नाही." मी चौकट उघडली, बिल्ला उलटा केला. मागची बाजू आरशासारखी. आजी म्हणाल्या, "मागं काहीतरी आकडे होते. बाबांनी टोकदार कशानं तरी कोरलेले. त्यांचा नंबर असेल."

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. पन्नास वर्षं चिंचेनं घासूनही ते आकडे टिकले होते, कारण आजी मागची बाजू कधी घासतच नव्हत्या. "मागं कोण बघतंय?" असं त्यांचं म्हणणं. मागची बाजू घासायचा कंटाळा ही आपल्या देशातली इतिहास-जतनाची सगळ्यात मोठी संस्था आहे. तिला सरकारी अनुदान नाही, कार्यालय नाही, आणि तरी तिनं पन्नास वर्षं एका फिटरचा नंबर सांभाळला. चाकानं तो पाच मिनिटांत नेला. शेवटी सात होता असं आजी म्हणतात. मग म्हणतात, कदाचित एकही असेल. वडिलांचे कागद पुरात गेले. कुठं चौकशी करायची तर धरायला एक टोक होतं, ते सोन्याच्या पाण्याखाली गेलं. नातवाला हे कुणी सांगितलेलं नाही, आणि मी सांगणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लागलं की वरचं जस्त निघून जातं आणि बिल्ला लाजल्यासारखा गुलाबी पडतो. पॉलिश तर धातूच खरवडतं. सोन्याचा मुलामा असला तर तोही जातो. हिरवं काही चढलं असेल तर लाकडी दातकोरण्यानं, तेलाचा एखादा थेंब लावून, हलक्या हातानं तेवढंच काढावं. धुळीला मऊ ब्रश. जरीच्या बिल्ल्याला काहीच करू नये. आजीच्या पैठणीचा पदर काळवंडला म्हणून तुम्ही तो लिंबात बुडवता का? आणि सगळ्यात आधी बिल्ला उलटा करून मागं काही कोरलंय का ते पाहावं, कागदावर उतरवून घ्यावं, कुणाचा, कुठला, कुणी दिला तेही लिहावं, आणि ती चिठ्ठी डब्यात त्याच्याबरोबर ठेवावी. आमची ही याला 'तुझं संशोधन' म्हणते. पण परवा तिनं तिच्या माहेरच्या पोळपाटाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली मी पाहिली. मी काही बोललो नाही.

तुमच्या घरी, माळ्यावर, शिवणाच्या डब्यात, आजोबांच्या चष्म्याच्या घरात असा एखादा बिल्ला असेल तर जरूर घेऊन या. मुकुट लाडू की पेढा हे मी चहाबरोबर फुकट सांगेन. रविवारी सकाळी मी घरीच असतो. फक्त येताना तो आहे तसा आणा. आदल्या रात्री पाहुण्याकडे न्यायचाय म्हणून जरा हात मारलेले चार बिल्ले या वर्षात माझ्याकडे आले, आणि चौघांनीही दारातच अभिमानानं सांगितलं, "बघा, कसा लख्ख केलाय!"